धूळ न येणारं दार

बाई, दुपारी लाईट गेली की गिरणीचा पट्टा दोन-चार वेळा फडफडून थांबायचा आणि घरभर एकदम शांतता पसरायची. मग तुम्ही उंबऱ्यात पाय पसरून बसायचात, रांगेतला एखादा डबा पुढे ओढायचात, त्यातला गहू सुपात ओतायचात आणि मला, नव्या सुनेला, हाक मारायचात, "ये वो, दोन खडे तू बी काढ." गहू दुसऱ्याचा, खडे दुसऱ्याचे, निवडायचे आपण. मी एकदा विचारलं होतं, लोकांचं धान्य आपण कशाला निवडायचं? तुम्ही म्हणालात, "खडा त्यायचा असला तरी गिरणीचा दगड आपला हाय ना." मी शेजारी बसायचे, पण मांडीवर रुमाल पसरून, साडीला पीठ लागू नये म्हणून. तुम्ही त्या रुमालाकडे बघायचात आणि सूप माझ्याकडे सरकवायचात. तुमच्या भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यासुद्धा पांढऱ्या. लाईट आली की समोरच्या घरातून कुणीतरी ओरडायचं, "आली वो बाई, आली!" आणि तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठायचात.

आज मी त्याच उंबऱ्याशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले आहे आणि मांडीवर दारांच्या चित्रांचं पुस्तक आहे. गिरणीच्या जागेवर गॅरेज झालं, त्याला मी लावलेलं शटर आता खालून पार सडलं आहे. खालच्या तीन पट्ट्या गंजून पापडासारख्या तुटतात. वर ढकलायला माझा खांदा पुरत नाही, खाली ओढलं की सगळ्या गल्लीला कळतं. नवीन दार घ्यायचं आहे. शनवारा भागातला मिस्त्री काल माप घेऊन गेला. पन्नाशीचा माणूस आहे, बोलतो आपल्या गावासारखं, निम्मं मराठी, निम्मं हिंदी.

"आंटी, तीन माल आहेत, देखो," तो म्हणाला. "एक तर असंच शटर, फक्त मोटर बसवून देतो. बटन दबाया, वर गेलं. दुसरं चॅनल गेट, बाजूला सरकतं. जाळी राहते, हवा येते, गल्ली दिसते, पण धूळ बी येते. आणि तिसरं हे, इंदोर से मंगवाना पडता है. चौकोनी तुकडे असतात, वर छताखाली सरकत जातं. खाली रबर, बाजूला रबर. मुंगी बी आत येणार नाही."

मग त्याने मान वर केली, टेप छताला लावला आणि तोंडाने चक् केलं. "मगर यह काटना पडेगा." गिरणीचा लोखंडी दांडा अजून दोन्ही भिंतींत तसाच आहे, बाई, आडवा. त्याच्यावर तुमचं मोठं चाक फिरायचं. गाडीला आडवा येत नव्हता म्हणून तो तेव्हा कुणी काढला नाही. तिसऱ्या प्रकारच्या दाराला वर हातभर मोकळी जागा लागते, आणि तिथे नेमका तो आहे. मिस्त्रीने त्याच्यावर बोटाने टकटक केलं आणि हसला. "बाईंच्या गिरणीचा ना? माझी आई इथंच डबा लावायची. कळणा दळावा तर बाईनंच, म्हणायची. ज्वारी आणि उडीद दाताखाली वेगळे कळले नाही पाहिजे. नातवाच्या छातीसाठी बंद केली ना गिरणी? आई सांगायची. बोलती थी, ऐसी दादी होना."

मी त्याला पाणी आणायला आत गेले ती बराच वेळ बाहेरच आले नाही.

कालच संध्याकाळी तुमच्या नातवाचा पुण्याहून फोन आला. आता त्याचे केस कानशिलावर पांढरे झाले आहेत, पण फोनवर अजून तसाच घाई करतो. "मम्मी, तिसरावालाच घे. सीलवाला. तुला माहितीये ना माझं धुळीचं. आणि आता हिलाही तेच आहे, माझ्याकडूनच आलंय. सुट्टीत तिला घेऊन यायचं तर घरात धूळ नको." ही म्हणजे त्याची मुलगी, तुमची पणती, सहा वर्षांची. तिला दोन डॉक्टरांनी तपासलं, दोघांनीही काही नाही म्हणून सांगितलं, हे मला सुनेकडून कळलं आहे. पण तो ऐकत नाही. तिला वाळूत खेळू देत नाही. मग फोन तिने घेतला आणि विचारलं, "आजी, मी कणीक मळली तर मला खोकला येईल का? बाबा म्हणतात, पिठानं त्यांची छाती खराब झाली होती."

बाई, मी तिला काय उत्तर दिलं ते सांगते. मी म्हणाले, "बाबांना विचार."

हे सगळं मी तुम्हालाच का लिहिते आहे ते तुम्हाला माहीत नाही. माहीत नसतानाच तुम्ही गेलात. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही बावीस वर्षं गिरणी चालवत होतात. मामंजी गेले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी सांगितलं, मशीन विकून टाका, बाईमाणसाचं काम नाही. तुम्ही ती विकली नाही. दगडाला टाकी लावायलासुद्धा दुसरा माणूस बोलावला नाहीत. दर आठ-दहा दिवसांनी वरचा दगड उलथा करायचा, मामंजींचा काळा चष्मा डोळ्यांवर चढवायचा आणि छिन्नी-हातोडी घेऊन त्याची झिजलेली रेघ न् रेघ पुन्हा उठवायची. नऊवारीवर तो काळा चष्मा! येणाऱ्या बाया हसायच्या, "बाई, आज कोनाले मारायले निघाल्या?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "जो लाईन तोडीन त्याले." कारण रांग डब्यांची असायची, माणसांची नव्हे. पहाटे डबे ठेवून बाया घरी जायच्या आणि डबे त्यांच्या वतीने उभे राहायचे. कुणी आपला डबा हळूच पुढे सरकवला तर तुम्हाला आतून कळायचं. "डबा बोलत नाही म्हनून कायले लबाडी करते वो?" हे तुम्ही असं म्हणायचात की जिने सरकवला तीसुद्धा हसत मागे घ्यायची.

मला ते हसू कधी आलं नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले होते आणि लग्नानंतर त्याच शाळेत शिकवायला लागले होते. आमच्या इंग्रजीच्या वाचनपुस्तकात एका घराचं चित्र होतं, पुढे हिरवळ, बाजूला गॅरेज, गॅरेजला पांढरं दार. ते दार बंद होतं. आत काय आहे ते चित्रात दिसत नव्हतं आणि मला त्याचंच फार आकर्षण होतं. आपल्या घराचा सगळा पुढचा भाग उघडा, पांढरा, गडगडणारा. कुणीही यावं, डबा ठेवावा, आत डोकावावं, आज भाजी काय केली विचारावं. शाळेत एकदा एका बाईंनी माझ्या खांद्यावरचं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, "आज पोळ्या करून आलात वाटतं?" मी म्हणाले, "हो, पाहुणे आलेत." पाहुणे नव्हते. साडी वाळत घातली होती ती तुमच्या गिरणीच्या मागच्या खिडकीजवळ. मला गाडी नको होती, बाई. मला गॅरेज हवं होतं.

मुलगा चार वर्षांचा झाला त्या हिवाळ्यात त्याला खोकला लागला आणि जाईना. तुम्ही अडुळशाचा काढा दिलात, ओवा भाजून छातीला शेकलंत. मी त्याला खंडव्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी छातीला लावली तर ती गार म्हणून तो खिदळायला लागला. ते म्हणाले, छाती स्वच्छ आहे, थंडीचा खोकला आहे, शाळेत जायला लागेपर्यंत जाईल. तेवढ्यावर मी उठायला हवं होतं. पण मीच विचारलं, घरात पिठाची गिरणी आहे, तिचा त्रास असेल का? मला जे उत्तर हवं होतं ते मी प्रश्नात घालूनच दिलं होतं. ते म्हणाले, "तसं वाटत नाही. पण दळण चालू असेल तेव्हा वरच्या मजल्यावर ठेवा, बास." आणि कागदावर तेच इंग्रजीत लिहून दिलं.

परतीच्या पॅसेंजरमध्ये तो माझ्या मांडीवर झोपला होता आणि मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होते. नेपानगर गेलं तेव्हा मी काय करणार आहे ते मला माहीत झालं होतं. रागाच्या भरात काही बोलून गेले असते तर निदान रागावर ढकलता आलं असतं. दोन स्टेशनं शांतपणे विचार करून मी ते ठरवलं.

तुम्ही गिरणीतूनच विचारलंत, "काय म्हने डागदर?" पट्टा चालू होता, म्हणून मोठ्याने विचारलंत. मग मशीन थांबवून बाहेर आलात, पदराला हात पुसलेत, कागद घेतलात, दोन्ही बाजूंनी बघितलात आणि मला परत दिलात. "वाच."

मी वाचलं. इंग्रजी कागदावरून मराठीत, अडखळत नाही, जसं वर्गात वाचते तसं. "मुलाच्या छातीत पिठाची धूळ साचते आहे. गिरणी बंद करावी." मी ओळीखाली बोटसुद्धा फिरवत होते. माझं बोट ज्या ओळीखाली होतं तिथे लिहिलं होतं, छाती स्वच्छ आहे.

तुम्ही बोटाकडे बघत होतात. "किती दिस?"

"कायमची."

तुम्ही मागे वळून रांगेकडे बघितलंत. "डबे लाईनीत लागेल हायेत. तेवढे काढते. पोराले वर ने, आन् खिडकी लावून घे." मग एक पाऊल आत टाकून पुन्हा वळलात आणि म्हणालात, "मले आधी काबर नाही समजलं?" हे मला विचारलं नव्हतंत. तरी मी ऐकलं.

त्या दिवशी तुम्ही अकरा डबे दळलेत. वर खिडकी लावून मी मोजत होते, एक डबा झाला की मशीनचा आवाज हलका व्हायचा, दुसरा ओतला की भरायचा. मग आवाज थांबला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखे डबे रांगेत आले होते. तुम्ही दारात उभ्या राहून एकेक डबा उचलून परत देत होतात, आणि प्रत्येकीला तेच सांगत होतात, "माझ्या पिठानं पोराची छाती खराब केली वो. मीच केली. आता नाही चालवत." एक म्हणाली, बाई, पोरं खोकतातच. तुम्ही म्हणालात, "कागद हाय डागदरचा. सुनेनं वाचला." तुमच्या आवाजात माझ्याबद्दल अभिमान होता. सून इंग्रजी वाचते याचा.

मशीन देडतलाईच्या माणसाने नेली. तुमच्या माहेरचं गाव म्हणून तुम्ही त्यालाच दिलीत, निदान तिचं नाव ऐकू येत राहील म्हणालात. वरचा दगड आणि खालचा दगड मात्र त्याने नेले नाहीत, झिजले आहेत म्हणाला. मग मी पहिल्यांदा दार निवडायला बसले. शटर निवडलं, पांढरा रंग निवडला. तुम्ही एकच गोष्ट मागितलीत, समोरचा ओटा राहू दे, येणाऱ्या-जाणाऱ्या बाया टेकतील. ओटा असला तर गाडी वर चढत नाही. ओट्यावर सिमेंटचा उतार घातला गेला. ते दोन्ही दगड मागच्या भिंतीशी टाकले, गाडी मागे जास्त सरकू नये म्हणून चाकाला टेकायला. शटर बसलं त्या दिवशी तुम्ही त्याच्यावर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलंत, नारळ फोडलात आणि पहिला तुकडा मला दिलात. तो गोड होता. मी खाल्ला.

खोकला त्याच फाल्गुनात गेला. जायचाच होता. तुम्ही सगळ्या गल्लीला सांगितलंत, बंद केली आन् पोरगं बरं झालं. माझं खोटं तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी खरं होताना बघितलंत. त्यानंतर मला काही करायचीसुद्धा गरज उरली नाही.

पण घरचं दळण कुठेतरी न्यावं लागणारच होतं. तुम्ही इतवारा भागातल्या गिरणीवर जायला लागलात. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं जिने इतरांचे डबे रांगेत बघितले, ती आपला डबा घेऊन दुसऱ्याच्या रांगेत. मी म्हणाले, मी नेते. तुम्ही म्हणालात, "तुले पिठाची पारख नाही." ते खरंच होतं. तिथून आलात की पुढच्या दाराने कधी आत आला नाहीत. गल्ली वळून मागच्या दाराने न्हाणीत जायचात, पातळ झटकायचात, कोपरापर्यंत हात धुवायचात, चूळ भरायचात, दुसरं पातळ नेसायचात आणि मगच नातवाला हाक मारायचात. उन्हाळ्यात ठीक, पण डिसेंबरात, त्या वयात, गार पाण्याने. मी पाणी तापवून द्यायला लागले. मला वाटायचं, हे तरी मी करते आहे. इतकं स्वस्त मी स्वतःला माफ करत होते.

आता जे लिहायचं आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तो सात वर्षांचा आहे. चित्रकलेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं आहे, रंगांची पेटी. तो शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि तुम्हाला शोधत मागच्या दाराने पळत बाहेर जातो. तुम्ही नुकत्याच गिरणीवरून आलेल्या आहात, डबा अजून कडेवर आहे. तो धावत येऊन तुम्हाला मिठी मारणार इतक्यात तुम्ही ओरडता, "अंगावर येऊ नको! दूर सरक, दूर!" एवढ्या मोठ्याने तुम्ही त्याच्यावर कधी ओरडला नव्हतात. तो जागच्या जागी थिजतो. रंगांची पेटी खाली पडते. तुम्ही डबा टाकून दोन्ही हात वर धरता, पोलिसासमोर धरतात तसे, पांढरे हात, त्याला लागू नयेत म्हणून. तो रडायला लागतो. तुम्हाला त्याला जवळ घ्यायचं आहे आणि घेता येत नाही. तुमचे हात वरच आहेत आणि तुमच्याही डोळ्यांतून पाणी येतं आहे, पिठातून दोन रेघा काढत. आणि तुम्ही माझ्याकडे बघता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे.

मी तेव्हा बोलू शकत होते. एक वाक्य पुरलं असतं. त्याला जवळ घ्या, काही होत नाही, असं नुसतं म्हटलं असतं तरी चाललं असतं, खोटं कबूलसुद्धा करावं लागलं नसतं. मी म्हणाले, "आजीचं ऐक. लांब हो."

खंडव्याहून येताना केलं ते वाईट होतं, बाई. पण हे जास्त वाईट होतं, असं मला आता वाटतं. तेव्हा मला काहीतरी हवं होतं. या वेळी नवीन काही नको होतं, फक्त आधीचं उघडं पडायला नको होतं. आणि त्यानंतर ते मला रोज करावं लागलं. त्याला होळीत जाऊ दिलं नाही, मैदानावर खेळू दिलं नाही, केळीच्या बागेत मित्रांबरोबर पाठवलं नाही. शाळेत चिठ्ठ्या लिहून दिल्या, माझ्याच सुंदर अक्षरात, की याची छाती नाजूक आहे. निरोगी मुलगा मी आजारी म्हणून वाढवला. तो आता आपल्या मुलीला तसंच वाढवतो आहे.

तुमच्या लेकाने एकदाच विचारलं होतं. गाडी पुसत होते आणि पुसता पुसता म्हणाले, "डॉक्टर खरंच असं म्हणाले होते?" मी म्हणाले, "कागद आहे ना." त्यांना इंग्रजी येत होतं. पण त्यांनी कागद मागितला नाही. फडकं पिळलं आणि दुसरा दरवाजा पुसायला घेतला. तेही आता नाहीत, म्हणून त्यांच्यावर काही टाकत नाही. मी एवढंच म्हणते, की त्यांनी मागितला असता तर मी दिला असता, असं मला वाटत आलं आहे. तेही कदाचित खरं नाही.

शाळेत आम्ही लहान असताना ख्रिस्ती मुलींना एका दिवशी ओळीने चॅपेलमध्ये न्यायचे, पापं सांगायला. आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर बसून पाय हलवायचो. त्या बाहेर येताना इतक्या मोकळ्या दिसायच्या की आम्हाला हेवा वाटायचा. आम्ही त्यांना विचारायचो, काय सांगितलंस? त्या सांगायच्या नाहीत. मी बाकावर बसून मनातल्या मनात पापं गोळा करायचे आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच निघायचं नाही. एकदा कुणाचं तरी खोडरबर घेतलं होतं, तेवढंच.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी रात्रंदिवस तुमच्याजवळ होते. लोकांनी कौतुक केलं. तुमचा हात माझ्या हातात होता आणि त्याच्या अंगठ्याची कातडी पीठ पारखून पारखून गुळगुळीत झालेली होती. तुम्ही विचारलंत, "त्याची छाती कशी हाय आता?" तो तेरा वर्षांचा होता, खाली अंगणात चेंडू भिंतीवर आपटत होता. मी म्हणाले, "चांगली आहे." तुम्ही म्हणालात, "बरं झालं मंग बंद केली. राहिली असती त मीच मारलं असतं त्याले." मी तुमच्या कपाळावरून हात फिरवला. ती माझी शेवटची संधी होती आणि मी ती तुम्हाला थोपटण्यात घालवली. मरणाऱ्या माणसाला धक्का कशाला द्यायचा, असं मी स्वतःला सांगितलं. पण तुम्हाला त्यातून धक्का बसला नसता, बाई. तुमच्या छातीवरचा दगड उतरला असता.

मिस्त्रीला सोमवारी उत्तर द्यायचं आहे. ते तिसरं दार मी घेऊ शकत नाही. चित्रात ते माझ्या शाळेच्या पुस्तकातल्या दारासारखंच आहे, पांढरं, गुळगुळीत, आत काही दिसू न देणारं. पण धूळ येऊ नये म्हणून दार लावणं म्हणजे तोच कागद पुन्हा एकदा चुकीचा वाचणं, या वेळी एका सहा वर्षांच्या मुलीसमोर. आणि ते दार घेत नाही म्हटलं की मुलगा विचारणार, का? त्याला आपली मम्मी कशी आहे ते माहीत आहे, ती त्याच्या धुळीच्या बाबतीत कधी हयगय करत नाही. दुसरं कोणतंही दार घेतलं तरी कारण द्यावं लागेल. मोटर महाग आहे, जागा नाही, दांडा मजबूत आहे, अशी पाच कारणं मी आज सकाळपासून जमवली आणि प्रत्येक कारण ऐकताना माझा आवाज वर्गात वाचल्यासारखा येतो.

तेव्हा असं ठरवलं आहे. चॅनल गेट घ्यायचं, जाळीचं. दांडा कापायचा नाही. उतार फोडून ओटा पुन्हा बांधायचा. गाडी मग आत जाणार नाही, पण गाडी चालवतं कोण? ती मिस्त्रीला द्यायची. त्याचा मुलगा चालवायला शिकतो आहे. मागच्या भिंतीशी पडलेले दोन्ही दगड धुऊन घ्यायचे. खालचा इतवाऱ्यातल्या गिरणीवाल्याच्या सुनेला, ती आता गिरणी बघते आणि तिने एकदा मला विचारलं होतं, बाईंचे दगड कुठे गेले? वरचा देडतलाईला, तुमच्या भावाच्या घरी. छिन्नी, हातोडी आणि मामंजींचा काळा चष्मा तुमच्या पणतीला, आणि सोबत परातभर कणीक, मळायला. माझी शाळेची पदकं सुनेला, तिला ठेवायची नसतील तर टाकून द्यावीत. हे पत्र कुणालाच नाही, त्याचं मी काय करायचं ते बघते.

आणि डॉक्टरांचा कागद तुमच्या नातवाला. तो मी फाडला नव्हता, बाई, पोथीच्या कपाटात आहे, घडीवर पिवळा पडला आहे. तो माझ्या हाताने त्याच्या हातात द्यायचा आणि त्यालाच मोठ्याने वाचायला सांगायचं. त्याला मी रविवारी ये म्हणून फोन केला आहे. एवढं काय काम आहे, विचारत होता. दार बघायला ये, म्हणाले. हेही अर्धंच सांगितलं.